‘आलो’ की ‘आले’? लेखन, गेम आणि कॉस्प्लेतून स्वतःचं जेंडर चाचपून बघताना

‘मी घरी…’ इथपर्यंत मराठीत कुणीही न अडखळता बोलतं. पुढचा शब्द मात्र निवडावा लागतो: आलो की आले? दिवसातून शेकडो वेळा आपण ही निवड नकळत करतो. ती एकदा जाणूनबुजून, वेगळी करून बघायची असेल तर तीन साधनं हाताशी आहेत: लेखन, गेम आणि कॉस्प्ले, म्हणजे गेम-कॉमिक्समधल्या पात्राचा वेष करणं. क्रमही हाच ठेवा. लिहिलेलं कुणाला दिसत नाही आणि त्याला पैसे पडत नाहीत. गेममध्ये अनोळखी लोक बघतात. कॉस्प्लेत ओळखीचे बघतात, फोटो निघतात आणि खिसाही हलका होतो. बरेच जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी केसांचा टोप आणि ड्रेस मागवतात, आरशात बघून दचकतात, आणि सगळं सामान कपाटाच्या तळाशी जातं.

यातून काही सिद्ध होत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गेममध्ये बाईचं पात्र घेणारा प्रत्येक पुरुष ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेलं लिंग आपलं न वाटणारा) नसतो, आणि ट्रान्स व्यक्तीला कॉस्प्ले आवडलाच पाहिजे असंही नाही. ही परीक्षा नव्हे. कपडे घालून बघावेत तसं हे आहे: बसलं तर बसलं, नाही तर घडी घालून परत.

एक नियम मात्र पाळाच. एका वेळी एकच गोष्ट बदला. नाव, क्रियापद, कपडे, आवाज, इतरांनी मारलेली हाक या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्या एकदम बदलल्या की नेमकं काय आवडलं आणि काय टोचलं ते कळत नाही. एखाद्याला साडी मुळीच नको असते, पण ‘अगं’ अशी हाक हवीहवीशी वाटते. एखादीला दाढीचं काही वाटत नाही, पण सपाट छातीवर शर्ट चढवला की मोकळं वाटतं. त्यासाठी छोटी वही ठेवा. दर वेळी चार गोष्टी टिपा: काय बदललं, किती वेळ, शरीराला कसं वाटलं (खांदे सैल की आवळलेले, श्वास कसा), आणि पुन्हा करावंसं वाटतं का. ‘छान वाटलं’ एवढंच लिहिलं तर महिन्याभराने त्याचा काही उपयोग होत नाही.

लेखन: क्रियापदापासून सुरुवात

पहिला प्रयोग पंधरा मिनिटांचा. कालचा दिवस प्रथमपुरुषी, साधारण दोनशे शब्दांत लिहा, नेहमीच्या क्रियापदांनी. मग तोच मजकूर दुसऱ्या लिंगाच्या क्रियापदांनी पुन्हा लिहा. घटना, नाव, कपडे काही बदलायचं नाही, फक्त ‘गेलो’चं ‘गेले’ किंवा उलट. तिसऱ्यांदा लिंग कुठेच कळणार नाही असं लिहा. तिन्ही मोठ्याने वाचा. डोळ्यांना न जाणवलेलं कानाला जाणवतं.

तिसरा मजकूर अवघड वाटतो, पण मराठीत त्याला भरपूर वाटा आहेत. भविष्यकाळ लिंग सांगत नाही: मी जाईन, मी येणार आहे. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं, म्हणून ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी दार उघडलं’ ही वाक्यं कुणाचीही असू शकतात. ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं तर हुकमी: मला भूक लागली, मला राग आला, मला पोहता येतं. ‘मी करतोय’ किंवा ‘करतेय’ऐवजी ‘मी करत आहे’ म्हणा. ‘मी जाऊ शकतो’ऐवजी ‘मला जाता येईल’. ‘आम्ही गेलो’ सगळ्यांना चालतं. समोरच्याला ‘तुम्ही आलात’ म्हटलं की त्याचंही लिंग झाकलं जातं. हा लेख ‘तुम्ही’त लिहिणं सोयीचं पडलं ते त्यामुळेच.

चुका ठरावीक जागी होतात. बोलणे, विसरणे, शिकणे, भेटणे, पिणे ही क्रियापदं सकर्मक वाटतात, पण भूतकाळात कर्त्याच्या मागे जातात: मी विसरलो, मी विसरले. तिथे ‘माझ्या लक्षात राहिलं नाही’, ‘आमची भेट झाली’ अशी वळणं घ्यावी लागतात. दुसरी जागा ‘होतो’ आणि ‘होते’ची. ‘मी तिथे होतो’ हे टाळायला वाक्यच फिरवावं लागतं. तिसरी विशेषणांची: ‘दमलेला’, ‘एकटी’ लगेच चुगली करतात, ‘शांत’, ‘उदास’, ‘हुशार’ करत नाहीत.

तृतीयपुरुषात ‘तो’ आणि ‘ती’च्या पलीकडे काय, हा प्रश्न येतोच. नपुंसकलिंगी एकवचनी ‘ते’ आपण तान्ह्या बाळाला, पिल्लाला वापरतो, त्यामुळे मोठ्या माणसाला लावलं की हिणवल्यासारखं ऐकू येतं. आदरार्थी ‘ते आले’ त्यापेक्षा बरं वाटतं, पण त्याचं क्रियापद पुल्लिंगी आहे आणि कथेत दोन-तीन माणसं आली की कोण कोण ते कळेनासं होतं. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ ही रूपं मात्र दोन्हीकडे सारखीच. म्हणून अशा पात्राची वाक्यं जमेल तितकी ‘त्यांनी’वर तोलावीत आणि मधूनमधून सरळ नाव घ्यावं. नावासाठी किरण, शशी, मधू यांच्यासारखी दोन्हीकडे चालणारी नावं घरातच सापडतात.

हे कृत्रिम वाटत असेल तर कोल्हापूरकडे कान द्या. तिथे बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणींत (विरहात झुरणाऱ्या स्त्रीच्या तोंडच्या पदांत) आणि एकनाथांच्या कित्येक भारुडांत ‘मी’ बाईचा आहे. म्हणजे पुरुषाने बाईच्या आवाजात लिहिणं ही मराठीतली नवी गोष्ट नाहीच.

दुसरा प्रयोग हाकेचा. एक पानभर संवाद लिहा. त्यात तुमचं पात्र जवळजवळ गप्प राहील, बाकीचे त्याच्याशी बोलतील. आई ‘अगं ए’ म्हणेल, रिक्षावाला ‘दादा’, बँकेतला माणूस ‘मॅडम’. कोणत्या हाकेला मान वळवावीशी वाटते आणि कोणती ऐकून पोटात कालवतं, ते वहीत टिपा. तीन साधनांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी चाचणी हीच.

फॅन फिक्शनमध्ये, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांत, प्रसिद्ध पात्राचं लिंग बदलून लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यात नेहमीचा घोळ असा की केस, कपडे आणि शरीर बदलतं, जग तसंच राहतं. लिंग बदललं की शेवटची लोकल, होस्टेलचं फाटक बंद व्हायची वेळ, घरी आधी पान कुणाचं वाढलं जातं, सगळं बदलतं. एक प्रसंग निवडा आणि हे परिणाम शेवटपर्यंत ओढत न्या. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या अवयवांचं वर्णन करणारा परिच्छेद खोडून टाकला तरी काही बिघडत नाही. तो बहुतेक वेळा वाचकासाठी नसतोच.

जपून ठेवण्याबद्दल. घरात फोन सामाईक असेल तर कागद बरा. फोनवर लिहिणार असाल तर कीबोर्ड नवं नाव शिकतो आणि आईला मेसेज करताना तेच सुचवतो, हे लक्षात असू द्या. शिकलेले शब्द कीबोर्डच्या सेटिंगमधून पुसता येतात. नोट्सना वेगळं कुलूप लावा.

गेम: आधी एकट्याने, मग चारचौघांत

सुरुवात एकट्याने खेळायच्या गेमने करा, आणि कॅमेरा पात्राच्या मागे असेल असा गेम निवडा. पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये तासभर खपून बनवलेला चेहरा नंतर क्वचितच दिसतो.

‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेममध्ये सुरुवातीला लिंग निवडावं लागतं, पण पुढे जादूगाराशी चार हृदयांची मैत्री झाली की (तिथे मैत्री हृदयांत मोजतात) त्याच्या तळघरातल्या वेदीवर ५०० सोन्यात रूप आणि लिंग दोन्ही बदलता येतं. हळूहळू चाचपणाऱ्याला हे सोयीचं. ‘द सिम्स ४’चा मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे. २०१६ पासून त्यात कपडे, चाल, आवाज यांवरची लिंगाची बंधनं काढलेली आहेत, म्हणजे ‘एका वेळी एकच गोष्ट’ हा नियम तिथे अक्षरशः पाळता येतो. पुरुषी बांधा तसाच ठेवून फक्त चाल बदलून बघा. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये बांधा, आवाज आणि सर्वनाम वेगवेगळं निवडता येतं, आणि तळावरच्या जादूच्या आरशात रूप पुढेही बदलता येतं. ‘सायबरपंक २०७७’मध्ये मात्र सर्वनाम आवाजाला बांधलेलं आहे: आवाज निवडला की लोक त्याप्रमाणेच हाक मारणार.

एक बैठक दीड-दोन तासांची ठेवा. पात्र बनवण्यातच सगळा वेळ गेला तरी चालेल, पण उरलेल्या वेळात गेममधली इतर पात्रं तुमच्याशी बोलतील असं काहीतरी करा. ‘दिवसभर पडद्यावर पाठच बघायची तर बरी पाठ बघू’ हा मुलांचा ठेवणीतला विनोद आहे. कित्येकांच्या बाबतीत तो खराही असतो. फरक कळतो तो गेममधल्या माणसाने तुम्हाला इंग्रजीत ‘शी’ (ती) किंवा ‘ही’ (तो) म्हटल्यावर.

ऑनलाइन गेमला जाण्याआधी खाती तपासा. स्टीमवर (गेम विकत घ्यायच्या दुकानावर) तुमची जुनी नावं प्रोफाइलवर दिसतात. ती यादी तिथूनच पुसता येते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर दर सर्व्हरला (म्हणजे गटाला) वेगळं टोपणनाव ठेवता येतं, पण जोडलेली इतर खाती प्रोफाइलवर उघडी असतील तर टोपणनावाचा काय फायदा? ती लपवा. शाळेच्या मित्रांच्या सर्व्हरवर पहिला प्रयोग करू नका. शक्यतो नवं खातं, नवा ईमेल.

इथे पुन्हा मराठी आडवी येते. इंग्रजी चॅटमध्ये महिनोन्महिने कुणाला काही कळत नाही. मराठी मंडळींच्या गटात ‘थांबा, आलोच’ टाइप केलं की निकाल लागतो. म्हणून कोणतं रूप वापरायचं ते आधीच ठरवा आणि निदान एक संध्याकाळ तेच पाळा. घाईत जुनं रूप निघून गेलं तर दुरुस्ती करत बसू नका, पुढचं वाक्य ठरवल्याप्रमाणे लिहा. खुलासे सुरू केले की चौकशा सुरू होतात.

आवाजाची घाई नको. बटण दाबल्यावरच माइक चालू होईल अशी सेटिंग ठेवा. आवाज बदलणारी ॲप्स शब्द उशिरा पोचवतात आणि धातूसारखी वाजतात, त्यामुळे लोक उलट जास्त लक्ष देतात. स्वतःचा आवाज बदलून बघायचा असेल तर दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरेत, फोनवर ध्वनिमुद्रण करून. नुसती पट्टी चढवली की कार्टूनसारखा आवाज येतो. घुमण्याची जागा छातीतून तोंडाच्या पुढच्या भागाकडे आणणं जास्त कामाचं. घसा खवखवला की त्या दिवशी थांबा.

आणि एक पथ्य. पात्राच्या लिंगाच्या जोरावर कुणी भेटी, पैसे किंवा प्रेम देऊ करत असेल तर घेऊ नका. तिथे चाचपणी संपते आणि समोरच्याची फसवणूक सुरू होते.

टेबलावर बसून फाशांनी खेळायचे भूमिकानाट्याचे गेम माहीत असतील तर ते या सगळ्यांपेक्षा सरस, कारण तिथे माणसं समोर असतात आणि ‘तू आलीस तेव्हा दार उघडंच होतं’ असं मराठीत म्हणतात. पहिल्यांदा तीन-चार तासांत संपणारी एकच गोष्ट घ्या. खेळ चालवणाऱ्याला आधी एकट्याला गाठून सांगा: पात्र बाई आहे, तिला तसंच संबोधा, तिच्यावर हसण्याचे प्रसंग नकोत. कारण सांगायची गरज नाही. कोणते विषय टेबलावर येणार नाहीत, हेही आधी ठरवून घ्या.

कॉस्प्ले: आठ आठवड्यांचं काम

स्वतःपेक्षा वेगळ्या लिंगाचं पात्र जसंच्या तसं साकारणं म्हणजे क्रॉसप्ले. पात्राचंच लिंग बदलून आपल्याजोगं करणं हा वेगळा प्रकार, आणि नवख्याला तो सोपा जातो. पहिलं पात्र असं निवडा ज्याला गळ्यापर्यंत कपडे, हातमोजे किंवा गणवेश आहे. उघडे खांदे आणि दंड झाकण्यात पुढचे तीन महिने जातील.

काही शब्द आणि बरीचशी युक्ती मराठी नाटकातून उसनी मिळते. बालगंधर्व (१८८८–१९६७) स्त्रीपार्ट करत तेव्हा त्यांची साडी आणि केशभूषा बघून बायका तसं नेसत, माळत. आपल्याकडे स्त्रीवेषाची दुसरी परंपराही आहे, पुरुषाला साडी नेसवून हशा वसूल करायची. कॉस्प्लेत यातलं कोणतं करतोय हे पाहणाऱ्याला दोन सेकंदांत कळतं. तृतीयपंथीयांची टाळी आणि चाल उचलून केलेली नक्कल म्हणजे कॉस्प्ले नव्हे.

टोप. मागवण्याआधी डोक्याचा घेर मोजा: कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून कानांवरून मागे. टोपावर लिहिलेल्या मापाशी ते जुळवा. साधा कृत्रिम धागा इस्त्रीच्या उष्णतेने वितळतो, त्यामुळे केस वळवायचे असतील तर उष्णता सोसणारा धागा असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या आणि आधी आतल्या बटेवर करून बघा. खाली जाळीची टोपी, मग पिना. विंचरताना टोकाकडून सुरुवात करून वर जा. मुळापासून ओढलं तर गुंता गच्च बसतो. सगळ्यात सामान्य चूक म्हणजे टोप कपाळावर फार खाली बसवणं. अंबाडा किंवा वेणी घालायची असेल तर अख्ख्या टोपापेक्षा गंगावन स्वस्त पडतं.

छाती सपाट दाखवणं. इथे निष्काळजीपणा महागात पडतो. क्रेप बँडेज, पॅकिंगची टेप, पोटपट्टा यांतलं काहीही गुंडाळू नका. हे पट्टे श्वासागणिक आवळत जातात, बरगड्यांना इजा होते. त्यासाठीच बनवलेला बाइंडर आपल्या मापाचा घ्या. एक माप लहान घेतल्याने छाती जास्त सपाट दिसत नाही, फक्त श्वास लागतो. दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, पहिल्यांदा दोनच. झोपताना आणि व्यायामाला कधीच नाही. दुखलं, मुंग्या आल्या, श्वास अपुरा पडला की लगेच काढा. मुंबईच्या दमटपणात घामोळं हमखास येतं, म्हणून आत पातळ सुती बनियन. एका दिवसाच्या कॉस्प्लेला घट्ट स्पोर्ट्स ब्रा, त्यावर जाड शर्ट आणि जाकीट एवढ्यावरही भागतं. आधी तेच करून बघा.

बांधा भरणं. पुरुषी खांदे लहान करता येत नाहीत, कंबरेखालचा भाग वाढवता येतो. साधारण एक इंच जाडीचा फोम पानाच्या आकारात कापा आणि कडा कात्रीने तिरक्या उतरवत न्या. कडा जाड राहिली की कपड्यातून पायरी दिसते. वर दोन जाड टाइट्स चढवल्या की फोम जागेवर राहतो. उलट दिशेने जायचं तर शिंप्याला सांगून जाकिटात शोल्डर पॅड घाला, आणि कंबर भरायला पोटाभोवती पातळ टॉवेलची एक घडी.

चेहरा. दाढीची हिरवट छटा नुसत्या फाउंडेशनखाली लपत नाही. आदल्या रात्री नव्हे, त्याच सकाळी दाढी करा, मॉइश्चरायझर लावून अर्धा तास थांबा. मग छटा दिसते तिथेच नारिंगी करेक्टरचा पातळ थर, बोटाने थापून. घासला की वरच्या फाउंडेशनमध्ये मिसळून चेहरा भगवा दिसतो. त्यावर पावडर, मग फाउंडेशनही थापूनच, पुन्हा पावडर. पुरुषी चेहऱ्यासाठी भुवया खालच्या बाजूने जाड करा आणि जबड्याच्या कडेला, नाकाच्या बाजूंना गडद छटा द्या. दाढीमिशीला नाटकवाले वापरतात तो क्रेप (कृत्रिम केस) आणि स्पिरिट गम (त्वचेला लावायचा डिंक) घ्या: गम लावून चिकट होईपर्यंत थांबा, हनुवटीच्या खालून वर चिकटवत या, आणि काढायला त्याचंच रिमूव्हर वापरा. कोणतंही चिकटणारं द्रव्य आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा.

कापड मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये, दागिने आणि बारीकसारीक पुण्यात तुळशीबागेत मिळतं. एकाच दिवसासाठी हवं असेल तर ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणा. नऊवारी शिवलेलीच घ्या, पहिल्याच वेळी नेसायला जाऊ नका. चपला मोठ्या मापात मिळणं कठीण, म्हणून शोध तिथून सुरू करा, शेवटी नको.

दोन आठवडे आधी घरी पूर्ण वेषात दोन तास वावरा: जिना चढा, खाली बसा, जेवा, शौचालयाला जा. जे निसटायचं ते तेव्हाच निसटतं.

कार्यक्रमाच्या दिवशी टोप आणि वरचे कपडे पिशवीत, बदल शक्यतो तिथे गेल्यावर. गर्दीच्या लोकलऐवजी दोघा-तिघांत टॅक्सी करा. लोकलनेच जायचं झालं तर पुरुषांनी वेष केलाय म्हणून महिलांच्या डब्यात चढू नये. कार्यक्रमाच्या तिकिटासोबत ओळखपत्र लागू शकतं आणि त्यावरचा फोटो वेगळा दिसणार, तेव्हा ते वरच्या खिशात ठेवा आणि विचारल्यावर ‘कॉस्प्ले आहे’ एवढंच सांगा. शौचालयाच्या भीतीने पाणी पिणं बंद करणारे दुपारी चक्कर येऊन बसतात. सोबत्याला बरोबर न्या, पण पाणी प्या.

फोटो कुणी मागितला तर नाही म्हणता येतं. हो म्हटलं तर नाव टॅग करू नका हेही त्याच वेळी सांगा, नंतर त्यांना कुठे शोधत फिरणार? कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे: कंबरेला हात घालणाऱ्याला आयोजकांपर्यंत न्या. स्वतःच्या फोनवर फोटो आपोआप घरच्या सामाईक खात्यात जात नाहीत ना, टीव्हीवर स्लाइड शोमध्ये झळकत नाहीत ना, हे आदल्या रात्री तपासा.

वेष उतरवल्यावर काहींना दोन-तीन दिवस उदास वाटतं. पुष्कळदा तो नुसता थकवा असतो. पण नेहमीच्या कपड्यांत परतणंच नकोसं होत असेल, किंवा वहीत महिन्यामागून महिने एकच गोष्ट येत असेल, तर कुणाशी तरी बोलायला हवं. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही एलजीबीटीक्यू लोकांसाठी काम करणारी संस्था १९९४ पासून आहे. मन फारच खचलं असेल तर सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

टोप त्याच रात्री धुवू नका, आधी पिना मोजून काढा. दुसऱ्या दिवशी गार पाण्यात थोडा शॅम्पू घालून दहा मिनिटं बुडवा, चोळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळू द्या. पूर्ण वाळल्याशिवाय विंचरू नका. वहीतली त्या दिवसाची नोंद मात्र त्याच रात्री करा, चेहरा पुसायच्या आधी.